मिजलींच्या शेतातली घोडवाट

लीड्स,
३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुला पत्र लिहायला बसलं की शाळेत निबंध लिहितोय असं वाटतं. पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस, त्यापेक्षा हे बरं. मागे मी ‘इमोजनचं प्लास्टर निघालं’ म्हणालो, आणि तू गावभर सांगितलंस की आमच्या घराच्या भिंतींचं प्लास्टर निघालंय. शेजारच्या कुणी तरी गवंड्याचा पत्ताही पाठवला होता.

ते प्लास्टर निघूनही आता बरेच महिने झाले. पाय अगदी ठणठणीत आहे. माझी बायको चालते, पोहते, धडाधड जिने चढते. फक्त सायकलवर बसत नाही. तिची ग्रॅव्हल बाईक बोळात खुंटीला टांगलेली आहे आणि बाहेरून आली की ती तिच्यावर ओला रेनकोट टाकते. हीच बाई लग्नाआधी प्रत्येक चढावर मला मागे टाकून वर चीज सँडविच खात बसायची! एका व्हॅनचा आरसा खांद्याला लागून ती पडली काय आणि सगळं संपलं काय. ‘गाड्यांच्या रस्त्यावर मी पुन्हा जाणार नाही,’ एवढंच म्हणते आणि विषय बदलते. मला ती परत सायकलवर बसलेली बघायची आहे, आत्या. दुसरं काही नको.

म्हणून तुझ्याच भागातला एक फेरा मी आखलाय. स्टेशनावरून निघून हॅगच्या रानात शिरायचं, रानातून वरच्या तलावाकडे चढायचं आणि मग तिन्ही तलावांच्या काठाने खडीच्या वाटेने खाली यायचं. एकही गाडी आडवी येत नाही, कारण जवळजवळ सगळीकडे घोडवाट आहे आणि घोडवाटेवर सायकलीला कायद्याने मोकळीक असते. अडतंय ते मधल्या एका तुकड्याशी. रान संपतं तिथपासून वरच्या तलावापर्यंतची मिजलींच्या शेतातली वाट. नकाशात ती नुसती पाऊलवाट आहे, म्हणजे चालत जा, सायकल नको. आणि गेल्या वर्षी शेताच्या मालकिणीने, थेल्मा मिजलीने, तिथल्या फाटकाला साखळी घालून कुलूप ठोकलंय. चालणारे बाजूच्या पायऱ्यांवरून दगडी गडगा ओलांडतात. सायकलवाल्यांना हमरस्त्याने जावं लागतं, आणि त्या रस्त्यावर दगडखाणीचे ट्रक कसे धावतात ते तुला माहीत आहे.

कौन्सिलात चौकशी केली. एखाद्या वाटेवरून लोक वीस वर्षं उघडपणे सायकली नेत असतील, तर ती घोडवाट म्हणून नोंदवता येते. तू आणि क्लिफर्डकाका तर तिथून आयुष्यभर जात होतात. तेवढं मला लिहून पाठव. इमोजनला यातलं काही बोललेलो नाही.

तुझा,
डंकन


थॉर्नबेक,
९ फेब्रुवारी

डंकन बाळा,

गवंड्याचा पत्ता जपून ठेव, घर म्हटलं की कधी ना कधी लागतोच.

ग्रॅव्हल बाईक म्हणजे काय, हे मला आमच्या पोस्टमनने दारात उभं राहून समजावलं. जाड टायर, वाकडी मूठ, खडीवरून, चिखलातून, रानातून न्यायची. मी म्हटलं, आम्ही याला सायकल म्हणायचो. क्लिफर्डच्या सायकलीला तर मागच्या बाजूला टोपली लावलेली होती आणि तिच्यात कुत्रा बसायचा.

मिजलींची वाट मला अजून डोळे मिटून सांगता येईल. रान संपलं की डाव्या हाताला गडगा, उजव्या हाताला ओढा. ओढ्यात ओलांडायला दगड टाकलेत, त्यांच्यावर सायकल खांद्यावर घेऊन जायचं, पलीकडे नेच्यांतून चढ, आणि वर पोचलं की एकदम समोर धरणाचं पाणीच पाणी. तिथे क्लिफर्ड दरवेळी थांबायचा आणि जणू त्यानेच धरण बांधलंय अशा थाटात मला म्हणायचा, ‘बघ!’ तो जाऊन सहा वर्षं झाली. मला अजून तिथे जावंसं वाटतं, गुडघे नाही म्हणतात.

तेव्हा तुझं काम मी एका संध्याकाळीत उरकलं, आणि तुला मधे त्रास नको म्हणून जबानी परस्पर कौन्सिलात पाठवूनही दिली. सुरेख झाली आहे. शेवटी मोठ्या अक्षरांत लिहिलंय की आम्ही काही चोरटे नव्हतो. दरवर्षी ईस्टरच्या आधी मी आणि क्लिफर्ड थेल्माच्या वडिलांच्या, म्हणजे सेथ मिजलींच्या, दारात जायचो, आल्याचा केक द्यायचो आणि रीतसर विचारायचो की यंदाही तुमच्या शेतातून सायकली नेल्या तर चालेल ना? एक वर्ष चुकवलं नाही. हे वाचून कौन्सिलातल्या लोकांनाही जरा बरं वाटेल. हल्ली असं कोण विचारतं?

इमोजनला माझं प्रेम सांग. बागेतल्या रूबार्बची आंबट देठं वर यायला लागली की तिला इकडे पाठवून दे.

तुझी,
हेस्टर आत्या


लीड्स,
१३ फेब्रुवारी

आत्या,

काय करून बसलीस!

तुझी चूक नाही, मीच अर्धवट सांगितलं. वीस वर्षं उघडपणे जायला हवं, हे मी लिहिलं. पण न विचारता जायला हवं, हे लिहिलं नाही, कारण शेतातून जायला दरवर्षी केक घेऊन परवानगी मागणारं कुणी असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कायदा असं म्हणतो की विचारून गेलात तर ती मालकाची मेहेरबानी, आणि मेहेरबानी तो हवी तेव्हा काढून घेऊ शकतो. न विचारता, आपलीच वाट असल्यासारखे गेलात, तर तो हक्क. म्हणजे तुम्ही जरा उर्मटपणे वागला असतात तर वाट आपली झाली असती. आपला पाय दुसऱ्याने तुडवला तरी आपणच सॉरी म्हणणारी माणसं आपण, आणि कायदा हा असा!

माझ्याकडे आणखी दोन जबान्या आहेत, पण ते दोघंही तुमच्याच सायकलमंडळातले. म्हणजे तेही तुमच्याच केकवर गेलेले. तुझ्या एका वाक्याने तिन्ही जबान्या पाण्यात गेल्या.

अजून वेळ गेलेली नाही. तू कौन्सिलला एवढंच लिही की खूप वर्षं झाली, नीट आठवत नाही, विचारल्याचं बहुधा दुसऱ्या कुठल्या शेताबद्दल असेल. तुझ्या वयाला कुणी शंका घेणार नाही. आत्या, एकदाच. इमोजनने काल सायकलच्या दुसऱ्या मुठीला छत्री अडकवलीये.

डंकन


थॉर्नबेक,
१७ फेब्रुवारी

डंकन,

माझं डोकं ठिकाणावर नाही असं मी स्वतःच्या हाताने लिहून देऊ? आणि वर सही करू? शाबास रे!

इमोजनसाठी मी पुष्कळ काही करीन. कडेवर घेऊन तिला तलावापर्यंत नेईन म्हण, गुडघे गेले खड्ड्यात. पण खोटं लिहिणार नाही. विचारलं ते विचारलं. मी आणि क्लिफर्डने आयुष्यात एक गोष्ट नीट केली असेल तर ती हीच, की ज्याच्या दारावरून गेलो त्याला रामराम केल्याशिवाय गेलो नाही. आता तू म्हणतोस ती चूक होती.

आणि खरं सांगू? त्या सेथ मिजलीला आमच्या सभ्यपणाची किंमत तरी कुठे होती? इतकी वर्षं विचारलं, पण एकदा म्हणून तोंडातून ‘हो, जा’ असं सरळ निघालं असेल तर शपथ. दरवर्षी दार उघडायचा, आधी केककडे बघायचा, मग आमच्याकडे, आणि गुरगुरायचा, ‘मला काय इचारता? रस्ता काय माझ्या बापाचा हाय?’ मग केक घ्यायचा आणि दार लावून घ्यायचा. मी दरवर्षी घरी येईपर्यंत धुमसत असायची. क्लिफर्ड म्हणायचा, हेस्टर, हा इथला ‘हो’ आहे. अशा माणसाशी आम्ही चांगलं वागलो, आणि आज आमचाच भाचा मला खोटं बोलायला सांगतोय.

यापुढे हवापाण्याबद्दल काही लिहायचं असेल तर लिही.

हेस्टर


लीड्स,
८ मार्च

प्रिय आत्या,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण आधी माफी मागायचं धाडस होत नव्हतं, आणि मग दुसरीच गडबड उडाली. आधी माफी. तुला तसं लिहायला सांगायला नको होतं. मला लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

आता गडबड. तुझं पत्र मी जिन्यावर बसून वाचलं आणि सेथ मिजलींच्या त्या बोलण्यापाशी अडकलो. परत वाचलं. मग कौन्सिलातल्या बाईंना जाऊन भेटलो. त्या अशा की आनंद झाला तरी चष्मा पुसतात, बाकी चेहऱ्यावर काही नाही. मी त्यांना सांगितलं, आत्याने विचारलं हे खरं, पण मालक काय म्हणाले ते ऐका. त्यांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग चष्मा पुसला.

म्हणाल्या, ‘म्हणजे त्यांनी परवानगी दिलीच नाही.’

मी म्हटलं, ‘नाकारलीही नाही.’

‘अहो, देणार कुठून? रस्ता आपल्या बापाचा नाही, असं मालक स्वतः म्हणतोय. त्यांच्या मते ती वाट सगळ्यांची होती. तुमच्या आत्यांनी नको त्या माणसाला विचारलं, एवढंच.’

कळलं का, आत्या? तुम्ही इतकी वर्षं ज्याला तुसडेपणा समजत होतात, तो त्याचा सरळ जबाब होता! तो शब्दशः खरं बोलत होता आणि तुम्ही दोघं सभ्य माणसांसारखे मनातल्या मनात चिडत घरी जात होतात.

एक अडचण आहे. हे ऐकलेलं तू एकटीच आहेस, आणि अर्ज तुझ्याच भाच्याचा. बाई म्हणतात, घरातल्या कुणाची साक्ष मिळाली तर काम होईल. सेथ तर राहिले नाहीत. त्या वेळी स्वयंपाकघरात असणार ती फक्त थेल्मा, आणि कुलूप तिनेच घातलंय. स्वतःच्या शेतातली वाट जाईल अशी साक्ष ती कशाला देईल? मी वकिलामार्फत तिला पत्र पाठवायच्या विचारात आहे. तू यात पडू नकोस.

तुझा,
डंकन


थॉर्नबेक,
१९ मार्च

डंकन बाळा,

माफी पोचली. आता तो विषय बंद.

वकील म्हणे! शेजारणीशी बोलायला वकील लागतो का? तुझं पत्र वाचून झालं आणि मी केक भट्टीत टाकला.

थेल्माकडे गेले तेव्हा ती गोठ्यात होती. मेंढ्या विण्याचे दिवस, बिचारीला चार रात्रींची झोप नव्हती. हात कोपरापर्यंत भरलेले, केसांत गवत. मला बघून म्हणाली, ‘बाई, तुम्ही सायकलींसाठी आला असाल तर आल्या पावली परत जा.’

मी म्हटलं, ‘सायकलींसाठीच आलेय. पण केक आणलाय.’

‘ठेवा तिकडे. आणि ही बाटली धरा जरा.’

मग मी बादलीवर बसून एका पोरक्या कोकराला दूध पाजलं आणि तिने कुलपाची गोष्ट सांगितली. तुम्हा सायकलवाल्यांवर तिचा राग नाहीच. गेल्या वसंतात रविवारी पोरांचं टोळकं मोटारसायकली घेऊन त्या वाटेने वर आलं. आवाजाने गाभण मेंढ्या उधळल्या, गडग्यावर जाऊन आदळल्या. सात कोकरं मेलेली जन्मली. सांगताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. मला फार वाईट वाटलं. दरवेळी फाटकावरच्या कुलपाला मी नावं ठेवत होते, आत जाऊन एकदाही विचारलं नाही की बाई, तुझं काय बिनसलंय.

मग मी तिला तिच्या वडिलांचं ते बोलणं सांगितलं. ती हात धुवायची थांबली.

‘तुम्हाला एवढंच ऐकू आलं?’ म्हणाली. ‘दार लावून घेतल्यावर बाबा काय म्हणायचे माहितीये?’

‘काय?’

‘म्हणायचे, ही बाई दरवर्षी मला काय इचारते तेच कळत न्हाई. माझ्या आज्याच्या आधीपासून त्या वाटेनं दगड वाहणारे घोडे जात व्हते. धरण बांधायला दगड तिथनंच गेला. ती वाट सगळ्यांची. पण सांगितलं तर केक बंद व्हईल.’

मी जोरात हसले तशी मेंढी दचकली, आणि मला ओरडा बसला. डंकन, त्या माणसाने आम्हाला केकसाठी जन्मभर अंधारात ठेवलं! क्लिफर्ड असायला हवा होता रे. खुर्चीतून पडला असता.

थेल्मा मात्र हसली नाही. बराच वेळ टॉवेलने एकेक बोट पुसत राहिली. मग म्हणाली, ‘मी हे कौन्सिलात सांगितलं तर वाट गेली. बरोबर?’

मी म्हटलं, ‘बरोबर.’ तिथे गोड बोलून काय उपयोग?

‘आणि त्या मोटारसायकली?’

त्याचं उत्तर क्लिफर्डने मला कधीच देऊन ठेवलंय, पलीकडच्या दरीत आम्ही तसं फाटक बघितलं होतं. अरुंद, आणि मधे गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवा ओंडका. घोडा पाय उचलून जातो, सायकल आपण उचलून नेतो, मोटारसायकल अडते, आणि ती कोण उचलणार? थेल्माने मला तीन वेळा विचारलं, मेंढी उडी मारेल का. मी म्हटलं, तुझ्या मेंढ्या आहेत, तूच सांग.

शेवटी ती म्हणाली, ‘बाबा म्हणायचे ते म्हणायचे. मी काय खोटं सांगू?’ आणि ओंडक्याचं फाटक लागलं की साक्ष लिहून देईन म्हणाली. ओंडक्याचं तू बघ. वकिलाला मात्र घरी पाठव.

तुझी,
हेस्टर आत्या


लीड्स,
२१ मे

प्रिय, प्रिय आत्या,

थेल्माचं पत्र कौन्सिलात पोचलं. बाईंनी चष्मा इतका पुसला की मला वाटलं काच निघते. पक्की नोंद व्हायला अजून वर्ष, कदाचित जास्तही जाईल, पण त्यांना काळजी दिसत नाही. आणि ओंडका बसवायला मी आणि तिघं मित्र गेलो तेव्हा थेल्माने स्वतःच कुलूप काढून खिशात टाकलं. म्हणाली, कागद येईल तेव्हा येईल, तुम्ही जा. आम्हाला तिने चहा दिला, पण कपबश्या आम्हालाच विसळायला लावल्या.

आता इमोजन. तिला अजून काही सांगितलेलं नाही. आठ जूनला तिचा वाढदिवस, त्या दिवशी सायकल खुंटीवरून काढून, पुसून, फुगा बांधून दारात उभी करणार. मी सगळं योजून ठेवलंय. मी तिच्या मागे राहीन, म्हणजे काही झालं तर लगेच हात देता येईल. रानातल्या उताराला ती उतरून चालेल, मी दोन्ही सायकली नेईन. तिच्यासाठी कोपरांना आणि गुडघ्यांना बांधायच्या जाड पट्ट्या घेतल्या आहेत. प्रथमोपचाराची पेटी माझ्याकडे. तू एक कर. ओढ्यातले दगड आता कसे आहेत, हलतात का, शेवाळ किती आहे, हे कुणाकडून तरी बघून कळव. घसरण्यासारखे असतील तर मी आदल्या दिवशी येऊन फळी टाकतो. त्यापुढच्या चढावर खडी मोकळी आहे का, तेही हवंय. ती पडता कामा नये, आत्या. एकदा पडली तर पुन्हा कधीच बसणार नाही. मला रात्री तेच दिसतं.

तिला यातलं एक अक्षर बोलू नकोस.

तुझा,
डंकन


थॉर्नबेक,
३० मे, गुरुवार

डंकन बाळा,

काल इमोजनने तुला ऑफिसात फोन करून सांगितलं की मी आत्यांकडे आले आहे, दोन-तीन दिवस राहते. कशी आले ते सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस, तुला वाटलं असेल बसने आली. ते सांगायला म्हणून हे पत्र. ती आत्ता माझ्या सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपली आहे आणि तिची सायकल माझ्या चांगल्या गालिच्यावर वाळलेला चिखल गाळत उभी आहे.

हो, मीच कळवलं तिला. तू नको म्हणाला होतास, माहीत आहे. पण जिच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता तिला सोडून सगळ्या जिल्ह्याला तो माहीत होता. मी तिला फक्त लिहिलं की थेल्माने कुलूप काढलंय, वाट मोकळी आहे, रूबार्ब तयार आहे. यायचं की नाही ते तिचं तिने ठरवलं. तू ऑफिसला गेल्यावर तिने सायकलीवरचा रेनकोट काढला, हवा भरली आणि स्टेशन गाठलं.

काल दुपारी दार वाजलं. उघडलं तर केसांपासून बुटांपर्यंत चिंब, एका गालावर चिखल, कोपर खरचटलेलं.

‘पडले, आत्या!’ ती म्हणाली.

मी तिचा पाय बघायला खाली वाकले, तर ही हसायला लागली. हसता हसता दारातच बसली. ‘अहो, पडले ना मी! त्या ओढ्यातल्या दगडांवरून, सायकलसकट, सरळ पाण्यात! कुणी ओरडलं नाही, कुणी धावत आलं नाही. थेल्माबाईंची दोन कोकरं तेवढी बघत होती. मग उठले. बसले सायकलवर. आणि वर आले. काही झालं नाही हो, आत्या. मी पडले आणि काही झालं नाही.’

मग ती रडलीही. मीही थोडी रडले. मग आम्ही बेकन तळलं.

आता जे सांगते त्याने दुखावून घेऊ नकोस. मी तिला विचारलं, डंकनला का नाही घेऊन आलीस? तो एवढी तयारी करतोय. तेव्हा म्हणाली, ‘मला त्याची सगळी तयारी माहितीये. त्या जाड पट्ट्या कपाटात माझ्याच पिशवीमागे लपवल्यात. पण तो मागे असला ना आत्या, की मला दगड दिसायच्या आधी त्याचा श्वास अडकलेला ऐकू येतो. मग दगड दिसतो, आणि वाटतं, आता पडणारच.’ रस्त्यावरच्या गाड्यांची भीती तिला खरीच वाटते आणि ती अजून आहे, हमरस्त्यावर ती जाणार नाही. तुझ्या वाटेवाचून ती इथे पोचलीच नसती. हे तिनेच दोनदा सांगितलंय, तुला कळवायला म्हणून. वर पोचल्यावर समोर पाणी बघून काय वाटलं, ते मात्र तुला स्वतः सांगणार आहे. मलाही सांगितलं नाही.

तेव्हा शनिवारी सकाळच्या गाडीने ये, सायकल घेऊन. पेटी आणि पट्ट्या घरी ठेव. फळीबिळी काही आणू नकोस. ती तुला स्टेशनावर भेटेल आणि दोघं मिळून इकडे या. फक्त तिची एक अट आहे. तू पुढे चालवायचंस, ती मागून येईल, आणि पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. ओढ्यात काही पडल्याचा आवाज आला, तरीसुद्धा.

तुझी,
हेस्टर आत्या